सासूबाईंच्या बारा गोळ्या, तीन डॉक्टर: डबा कुठला घ्यावा आणि गोळ्या कशा लावाव्यात?

गिरगावची_सून

सासूबाई ७९ वर्षांच्या, वजन ५० किलो. गिरगावात चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहतो, संडास गॅलरीच्या टोकाला. आम्ही दोघं साडेआठला बाहेर पडतो, मावशी दहा ते सहा असतात. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. गोळ्या सगळ्या एका बिस्किटाच्या डब्यात आहेत आणि कुठली दिली, कुठली राहिली यावरून रोज घोळ होतो.

चालू असलेलं सगळं लिहिते.
फिजिशियन: थायरॉक्सिन ५०, बीपीसाठी टेल्मिसार्टन ४० + अ‍ॅम्लोडिपिन ५ सकाळी, साखरेसाठी ग्लिमेपिराइड १ + मेटफॉर्मिन ५०० एसआर दोन वेळा, रात्री अ‍ॅस्पिरिन ७५ + अ‍ॅटोर्वास्टॅटिन १० ची कॅप्सूल (अटॅक, अँजिओप्लास्टी काही झालेलं नाही).
मागे छातीत दुखलं म्हणून अ‍ॅडमिट केलं होतं, तिथल्या डिस्चार्ज कार्डवरून: अ‍ॅटोर्वास्टॅटिन २० रात्री (कोलेस्टेरॉलची).
हाडांचे डॉक्टर: अ‍ॅसिक्लोफेनॅक १०० + पॅरासिटामॉल ३२५ (दुखण्याची, बहुतेक रोज दोन), पॅन्टोप्राझोल ४०, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी ६०,००० चं पाकीट आठवड्याला.
फॅमिली डॉक्टर: पायाला सूज म्हणून फ्युरोसेमाइड (लघवीची गोळी) ४० ची अर्धी, झोपेसाठी अल्प्राझोलाम ०.२५ (चार वर्षं).
घरात पडलेली: सर्दीची गोळी, लागेल तशी.

शेवटचे रिपोर्ट: मूत्रपिंडाचं क्रिएटिनिन १.१ (नॉर्मल लिहिलंय), एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.३. सकाळी उठताना भोवळ येते, आणि अकराच्या सुमारास कधी कधी घाम येऊन हात थरथरतात.

प्रश्न: किती कप्प्यांचा डबा घ्यावा? फोनवर आठवण करून देणारं ॲप चालेल का? गिळायला त्रास होतो, तर गोळ्या कुटून दिल्या तर?

---

केमिस्टकाका

डबा शेवटी घ्या. आत्ता डब्यात जे जाईल तेच मुळात चुकीचं आहे, नीट लावलं तर उलट ते वेळेवर पोटात जाईल.

आधी एक काम करा. रविवारी घरातली सगळी औषधं टेबलावर काढा: बिस्किटाचा डबा, फ्रिजचं दार, देवघराचा खण, सासूबाईंची पर्स, उशीखालची पुडी. चूर्ण, काढा, बाम, डोळ्यांचे थेंबही त्यातच. मग वहीत ब्रँडचं नाव नका लिहू, पट्टीच्या मागे बारीक अक्षरात असतं ते घटकाचं नाव लिहा. तुमच्या यादीत नावं बारा आहेत, पण घटक मोजले तर सोळा भरतात. सर्दीच्या गोळीत साधारणपणे क्लोरफेनिरामिन, फिनाइलेफ्रिन आणि पॅरासिटामॉल असतं, ते धरून.

आता दुबार काय जातंय ते बघा.

अ‍ॅटोर्वास्टॅटिन: कॅप्सूलमध्ये १० आहेच, वर डिस्चार्जची २०. ब्रँडच्या नावामागे 'एव्ही' असेल तर त्यातला 'ए' अ‍ॅटोर्वास्टॅटिनचा. 'एएम' म्हणजे बहुतेक वेळा अ‍ॅम्लोडिपिन जोडलेलं. ही शेपटं न वाचल्यामुळे जेवढे गोंधळ होतात तेवढे विसरण्याने होत नाहीत. डिस्चार्ज कार्डवरची औषधं जुन्यांच्या 'ऐवजी' आहेत की 'शिवाय', हे कार्डावर क्वचितच लिहिलेलं असतं. ते विचारून घ्यावं लागतं.

पॅरासिटामॉल: दुखण्याच्या दोन गोळ्यांतून ६५०, सर्दीच्या (५०० वाल्या) तीन घेतल्या तर १५००. त्यात ताप म्हणून ६५० च्या तीन पडल्या की बेरीज ४,१०० मिलिग्रॅम. या वयाला आणि ५० किलो वजनाला दिवसाला ३,००० च्या वर जाऊ देऊ नये.

व्हिटॅमिन डी: ६०,००० चं पाकीट सहसा आठवड्याला एक असं आठ आठवडे देतात, मग महिन्याला एक. नेहमी काय होतं, तर कागद जुना, पाकीट मात्र वर्षभर दर आठवड्याला चालूच. कॅल्शियमच्या गोळीतही डी असतं. कॅल्शियम रक्तात वाढलं की बद्धकोष्ठ, मळमळ, गोंधळलेपणा, आणि घरचे म्हणतात 'वय झालं'. कधी सुरू केलं ती तारीख शोधा.

जनऔषधीतून काही आणत असाल तर आणखी एक सापळा: तिथल्या पट्टीवर फक्त घटकाचं नाव असतं, घरातली जुनी ब्रँडची पट्टी संपलेली नसते, आणि 'ही नवीन गोळी दिसतेय' म्हणून दोन्ही चालू राहतात.

---

डॉ_मेडिसिन_ओपीडी

काकांनी दुबार सांगितलं, मी एकमेकांत अडकलेल्या औषधांचं सांगतो. स्वतः काही बंद करू नका, पण पुढच्या भेटीची वाट न बघता या आठवड्यातच फिजिशियनना गाठा. दुखण्याची गोळी तेवढी त्यांच्याशी फोनवर बोलून आजपासून थांबवता येईल का ते विचारा.

कारण असं. टेल्मिसार्टन, फ्युरोसेमाइड आणि अ‍ॅसिक्लोफेनॅक, तिन्ही एकत्र. पहिलं मूत्रपिंडाच्या गाळणीतला दाब उतरवतं, दुसरं अंगातलं पाणी काढतं, तिसरं गाळणीकडे येणारी रक्तवाहिनी आवळतं. एरवी कसंबसं निभतं. पावसाळ्यात एकदा जुलाब-उलट्या झाल्या की दोन दिवसांत क्रिएटिनिन दुप्पट होऊ शकतं. शिवाय अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि अ‍ॅस्पिरिन दोन्ही पोटात रक्तस्राव करणारी. डांबरासारखी काळी शी झाली तर त्याच दिवशी हॉस्पिटल.

क्रिएटिनिन १.१ 'नॉर्मल' यावर विसंबू नका. ते स्नायूंतून येतं, आणि ५० किलोच्या म्हाताऱ्या बाईत स्नायू किती असणार? हिशोब करा: १४० मधून वय वजा, गुणिले वजन, भागिले ७२ गुणिले क्रिएटिनिन, आणि बाईसाठी गुणिले ०.८५. (१४० − ७९) × ५० = ३,०५०; भागिले ७९.२, गुणिले ०.८५, येतात सुमारे ३३ (मूत्रपिंड मिनिटाला किती मिली गाळतं त्याचा अंदाज). लॅबच्या रिपोर्टवर ईजीएफआर (गाळण्याच्या वेगाचा लॅबचा अंदाज) ५० च्या आसपास छापून येईल, कारण तो वजन धरत नाही. बऱ्याच औषधांचा डोस पहिल्या आकड्यावर ठरतो. मेटफॉर्मिनसाठी ईजीएफआर बघतात: ४५ च्या खाली डोसचा फेरविचार, ३० च्या खाली बंद. तुमच्याकडे ते अजून बसतंय, पण दर तीन-चार महिन्यांनी बघायला हवं.

अकराचा घाम आणि थरथर म्हणजे साखर उतरतेय, असंच धरून चाला. ग्लुकोमीटर घ्या आणि नेमकी त्या वेळी तपासा. ७० च्या खाली असेल तर चहाचे तीन चमचे साखर अर्धा ग्लास पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, अजून खाली असेल तर परत तेवढीच, आणि वर आली की पोळी-भात असं काहीतरी खायला. ग्लिमेपिराइडचा असर लांबतो, त्यामुळे एकदा वर आली म्हणून निर्धास्त राहायचं नाही. काही तासांनी परत उतरू शकते. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८. (ज्यांच्या गोळीत व्होग्लिबोज असतं त्यांना साध्या साखरेचा उपयोग लवकर होत नाही, ती फुटायलाच वेळ लागतो. त्यांनी ग्लुकोज पावडरच ठेवावी.)

मुळात ७९ व्या वर्षी ग्लिमेपिराइडवर एचबीए१सी ६.३ ही शाबासकीची गोष्ट नाही. या वयात, इतक्या दुखण्यांसकट, ७.५ ते ८ पर्यंत चालतं. इतकं खाली असण्याचा अर्थ गोळी गरजेपेक्षा जास्त आहे.

पायाची सूज: अ‍ॅम्लोडिपिनने घोट्याला सूज येते, आणि ती लघवीच्या गोळीने फारशी उतरत नाही. इथे एका गोळीचा त्रास निस्तरायला दुसरी आलेली दिसतेय, आणि दुसरीमुळे सोडियम उतरणं, भोवळ, रात्री गॅलरीच्या टोकापर्यंतच्या फेऱ्या. हृदय, मूत्रपिंड, लिव्हर ठीक असेल तर अ‍ॅम्लोडिपिन बदलून बघणं हा सरळ मार्ग. ते ठरेपर्यंत फ्युरोसेमाइड सकाळीच द्या, दुपारनंतर नाही.

अ‍ॅस्पिरिनबद्दल: अटॅक, स्टेंट, पॅरालिसिस काहीच झालेलं नसेल तर या वयात फायद्यापेक्षा रक्तस्रावाचा धोका मोठा. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीच्या बिअर्स निकषांत (म्हाताऱ्या माणसांना टाळायच्या औषधांची यादी, २०२३ ची आवृत्ती) हे स्पष्ट आहे. पण छातीत दुखलं होतं तेव्हा नेमकं काय निघालं ते डिस्चार्ज कार्डवर बघून डॉक्टरांनी ठरवायचं.

उठतानाची भोवळ मोजा. पाच मिनिटं आडवं पडल्यावर बीपी, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा. तोंडी 'चक्कर येते' सांगितलं की चक्करेची आणखी एक गोळी मिळते.

---

गिरगावची_सून

इतकं अडकलेलं असेल असं वाटलं नव्हतं. आणखी दोन गोष्टी राहिल्या: सकाळी कारल्याचा रस घेतात, आणि चातुर्मासात एकभुक्त असतात. थायरॉक्सिन आणि कॅल्शियम दोन्ही नाश्त्यानंतर एकत्रच देतो.

---

डॉ_मेडिसिन_ओपीडी

एकभुक्त आणि दोन वेळा ग्लिमेपिराइड हे जमणारच नाही. जेवण नाही त्या वेळेची ग्लिमेपिराइड नाही, हा नियम डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. अडचण अशी की तुमची गोळी जोडगोळी आहे, ग्लिमेपिराइड सोडली की मेटफॉर्मिनही सुटतं. दोन्ही वेगवेगळ्या मागून घ्या. उपास करणाऱ्या घरात जोडगोळी सोयीची कमी आणि अडचणीची जास्त. कारल्याचा रस त्यातच भर घालतो.

थायरॉक्सिन पहाटे उठल्यावर नुसत्या पाण्याबरोबर, चहाच्या आधी अर्धा ते एक तास. कॅल्शियम त्यानंतर किमान चार तासांनी, म्हणजे दुपारच्या जेवणाबरोबर. एक लक्षात ठेवा: आजवर कॅल्शियममुळे थायरॉक्सिन अर्धवटच शोषलं जात होतं. वेळ सुधारली की तीच ५० ची गोळी अंगाला जास्त लागेल. म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करा. डोस जास्त झाला तर या वयात छातीत धडधड आणि हाडं ठिसूळ.

---

लोकल_ज्ञानी

झोपेची गोळी तर आजच केराच्या टोपलीत टाका. त्यानेच म्हातारी माणसं पडतात आणि विसराळू होतात.

---

डॉ_मेडिसिन_ओपीडी

पडतात हे खरं, पण आजच टोपलीत टाकायची हे अजिबात नाही. चार वर्षं रोज घेतलेली अल्प्राझोलाम एकदम थांबली तर झोप उडते, जीव घाबराघुबरा होतो, हातपाय थरथरतात, क्वचित फिटही येते. दर दोन आठवड्यांनी साधारण पाव डोस कमी, शेवटी त्याहूनही हळू, असा काही महिन्यांचा कार्यक्रम असतो. ०.२५ ची गोळी आधीच लहान, तिचे तुकडे कसे करायचे ते डॉक्टर आणि केमिस्टच्या मदतीने ठरवा. आणि हे सगळ्यात शेवटी करा. एका वेळी एकच बदल, मध्ये दोन आठवडे जाऊ द्या. नाहीतर काय बदलल्याने काय झालं ते कोणालाच कळणार नाही.

तोवर संपू देऊ नका. ती शेड्यूल एच१ मध्ये (सरकारच्या कडक चिठ्ठीवाल्या औषधांच्या यादीत) आहे, केमिस्ट चिठ्ठीशिवाय देणार नाही आणि द्यायचीही नसते. शनिवारी रात्री पट्टी रिकामी आणि दवाखाना सोमवारी उघडणार, असं झालं की ते 'एकदम बंद करणं'च झालं.

सर्दीची गोळी मात्र खुशाल फेका. क्लोरफेनिरामिनने झोप आणि गोंधळ वाढतो, तोंड कोरडं, बद्धकोष्ठ, पुरुषांना प्रोस्टेटमुळे लघवी अडते. फिनाइलेफ्रिनने बीपी चढतं. वाफ आणि मिठाच्या पाण्याचे नाकातले थेंब पुरतात.

---

वॉर्ड_सिस्टर

यादी आटोपशीर झाली की मग डबा. सात दिवस गुणिले चार कप्पे, प्रत्येक दिवसाची पट्टी वेगळी निघणारी. झाकण सासूबाईंच्या बोटांनी उघडतं का ते दुकानातच बघा, सांधे दुखणाऱ्या हाताला कडक झाकण म्हणजे शिक्षा.

भरायचा एकाच माणसाने, आठवड्यातून एकदा, यादी समोर ठेवून. दुसऱ्याने नुसतं तपासायचं. मावशींसाठी कप्प्यांवर चित्रं: कपबशी, ताट, चंद्र. यादीही मराठीत मोठ्या अक्षरात, 'गोळी कशी दिसते' आणि 'कशासाठी' या दोन रकान्यांसकट. कंपनी बदलली की रंग बदलतो, तेव्हा 'कशी दिसते' त्याच दिवशी खोडून नवीन लिहायचं.

मावशींना एकच पक्कं सांगा: गोळ्या वाटीत काढून जवळ ठेवायच्या नाहीत. हातात द्यायच्या, पाणी पिईपर्यंत थांबायचं. वाटीतली गोळी पदराखाली, खाटेखाली, कधी कधी नातवाच्या हातात जाते.

डब्यात घालू नये ते: दुखण्याची गोळी, डीचं पाकीट, आणि ज्या घरात जिभेखाली ठेवायची छातीची गोळी असते तिथे तीही, ती बाहेर, हाताशी. थायरॉक्सिन बाटलीतच राहू द्या, पलंगाशेजारी तांब्याजवळ. तिला दमट हवा सोसत नाही, आणि पहाटे तशीही वेगळीच घ्यायची. जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा बघता डबा सात दिवसांहून जास्त भरू नका. स्वयंपाकघराच्या खिडकीत, फ्रिजच्या डोक्यावर, मोरीजवळ नको. अ‍ॅस्पिरिनला आंबूस, व्हिनेगरसारखा वास यायला लागला तर ती दमट होऊन बिघडली.

एक फार बघते: केमिस्ट पट्टी कापून देतो, आणि एक्स्पायरी नेमकी कापून राहिलेल्या तुकड्यावर. बिल घ्या, त्यावर बॅच आणि एक्स्पायरी असते. आणि घरी सोय म्हणून फॉइलचे एकेक गोळीचे चौकोन कापून डब्यात टाकू नका. कमी दिसणारी माणसं ते फॉइलसकट गिळतात. कडा धारदार असतात, अन्ननलिका फाटते.

कुटायचं: ज्याच्या नावामागे एसआर, एक्सआर, ईआर, सीआर आहे ते कुटायचंच नाही. तुमची मेटफॉर्मिन एसआर कुटली की दिवसभर हळूहळू सुटायचा डोस एकदम पोटात. पॅन्टोप्राझोलवर आम्लापासून वाचवणारं आवरण असतं, कुटली की जठरातच वाया जाते. कॅप्सूल उघडायच्या नाहीत. आधी गिळण्याची पद्धत बदला: ताठ बसवून, एक घोट पाणी आधी, गोळी, मग हनुवटी थोडी खाली घेऊन गिळायचं, अर्धा ग्लास पाणी, आणि दहा मिनिटं आडवं व्हायचं नाही. मान मागे टाकून गोळी घशात सोडतात त्याने उलट ठसका लागतो. तरीही अडत असेल तर केमिस्टकडे सरबताच्या किंवा विरघळणाऱ्या रूपात मिळते का ते विचारा. आणि पाण्यानेही ठसका लागत असेल तर तो गोळीचा प्रश्न नाही, डॉक्टरांना दाखवा.

ॲप तुमच्या फोनवर चालेल, त्यांच्या नाही. त्यांच्या गोळ्या सवयीला बांधा: दूधवाला, दुपारचं ताट, दिवेलागण. संध्याकाळी कप्पा भरलेला दिसला तर दोन वेळचं एकदम देणं नाही. पुढची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडायची, आणि साखरेची तर जेवण टळून गेल्यावर कधीच द्यायची नाही.

---

केमिस्टकाका

सिस्टरांच्या यादीत एक भर. कुठली पट्टी दहाची असते, कुठली पंधराची. म्हणून औषधं वेगवेगळ्या दिवशी संपतात, आणि संपलेली एखादी 'उद्या आणू' म्हणून चार दिवस राहते. सगळी तीस दिवसांच्या हिशोबाने एकाच तारखेला घ्या.

आणि चूर्ण-काढ्यांचं विचारलं नाहीत, पण सांगतो. ज्येष्ठमध रोज चघळत असतील तर बीपी चढतं आणि पोटॅशियम उतरतं. इसबगोल घेत असतील तर गोळ्यांपासून दोन तास लांब. सांधेदुखीवर बिनलेबलच्या पुड्या चालू असतील तर त्यात स्टिरॉइड निघू शकतं. अशा पुड्या बरेच महिने घेतल्यानंतर एकदम थांबवणंही धोक्याचं, डॉक्टरांना पुडी नेऊन दाखवा.

---

गिरगावची_सून

ज्येष्ठमध नाही, इसबगोल आहे. बीपीसाठी 'लो सोडियम' मीठ मात्र वापरतो, ते चालू ठेवायचं ना? आणि भेटीला नेमकं काय घेऊन जायचं?

---

डॉ_मेडिसिन_ओपीडी

ते मीठ आधी बंद. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं, आणि टेल्मिसार्टन पोटॅशियम अंगात धरून ठेवतं. मूत्रपिंड ३३ वर असताना हे दोन्ही एकत्र नकोत. साधं मीठ, पण कमी, लोणचं-पापड आटोक्यात. रोज शहाळं पीत असतील तर तेही सांगा.

भेटीला घटकांची यादी, सगळ्या पट्ट्या एका पिशवीत, डिस्चार्ज कार्ड, उभं-आडवं बीपी लिहिलेला कागद, आणि आठवडाभराच्या साखरेच्या नोंदी: सकाळी उपाशीपोटी आणि अकरा वाजता. सोबत सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन आणि बी१२ करून न्या. मेटफॉर्मिन आणि पॅन्टोप्राझोल दोन्ही दीर्घकाळ चालू असली की बी१२ उतरतं, आणि पायांच्या मुंग्या मग डायबिटीसच्या खात्यावर जातात.

तिघांपैकी एकाच डॉक्टरला 'सगळी यादी तुमच्या ताब्यात' असं स्पष्ट सांगा, फिजिशियन बरे. बाकीच्या दोघांनी नवीन काही लिहिलं की आधी त्यांना फोन. खाजगीत कोणी इतका वेळ देत नसेल तर केईएम, सायन किंवा नायरच्या मेडिसिन ओपीडीत सकाळी लवकर केसपेपर काढा. दोन प्रश्न लिहूनच न्या: 'यातलं कुठलं आता लागत नाही?' आणि 'जुलाब, उलट्या किंवा ताप आला आणि जेवण गेलं नाही, तर कुठल्या गोळ्या तेवढे दिवस थांबवायच्या?' दुसऱ्याचं उत्तर त्यांच्याच अक्षरात घेऊन डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा. गुडघ्यांसाठी तोवर पॅरासिटामॉल ५००, दिवसाला तीनपर्यंत, आणि वरून लावायचं जेल.